देणगीची वही आणि रेगेक्स: देवळाच्या यादीच्या प्रकल्प नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५

आज गावाकडं गेले होते, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, तिथं काकांनी पेनड्राईव्ह हातात दिला. काका देवळाच्या जीर्णोद्धार कमिटीचे खजिनदार. काम असं की सगळ्या देणगीदारांची नावं ग्रॅनाईटच्या फरशीवर कोरायची आहेत आणि त्याच्याआधी यादी पक्की पाहिजे. पेनड्राईव्हमध्ये दोन एक्सेल, कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा एक्सपोर्ट, आणि चार वह्या ज्या कॉलेजच्या पोरांनी सुट्टीत बसून टाईप केल्यात. सगळं मिळून अठराशेच्या आसपास ओळी. काका म्हणाले, "पोरी, दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही गं, एकाचंही नाव चुकायला नको." एवढं एकच वाक्य, पण घरी बेळगावात टिळकवाडीला येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात.

ओळी कशा आहेत ते लिहून ठेवते (नावं काढून, खऱ्या माणसांची आहेत):

कै. आईच्या स्मरणार्थ, बेळगांव रु. १,००१/-
गावची लेक, निपाणी ५०१ रोख
सिमेंट १० पोती, खानापूर
हस्ते थोरला मुलगा, मारुती गल्ली रू ५००१/=
वरच्या गल्लीतून भात २ पोती

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करायचं ठरवलं, रेगेक्सशिवाय (म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना, पॅटर्न, चिन्हांत लिहायची पद्धत) हे होणार नाही आणि रेगेक्स एकट्यानं पण होणार नाही असं वाटतंय.

२६ ऑक्टोबर

रविवार सगळा यात गेला. पहिला प्रयत्न म्हणून एकच भला मोठा पॅटर्न लिहिला, नाव मग गाव मग रक्कम, शब्दासाठी नेहमीचा बॅकस्लॅश-डब्ल्यू. निकाल बघून धक्काच. "बेळगाव" या एका शब्दाचे तीन तुकडे झाले: "ब", "ळग", "व". मात्रा आणि काना गायब.

कारण शोधलं तर सरळ आहे. पायथनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. आणि युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) हिशोबात "े" किंवा "ा" हे अक्षर नाही, ते मार्क आहे, अक्षराला चिकटणारी खूण. आपल्या डोळ्याला "बे" एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरला ते दोन, "ब" आणि मग "े". `[अ-ह]+` लिहून बघितलं तर तेच तीन तुकडे, कारण मात्रा युनिकोडमध्ये "ह" च्या पुढं आहेत.

शेवटी देवनागरीचा सगळा ब्लॉकच घेतला आणि मधले दंड आणि अंक तेवढे वगळले:

`[ऀ-ॣॱ-ॿ]+`

याच्यात स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार, हलन्त (पाय मोडायची खूण) सगळं येतं. आता "बेळगाव" अख्खं पकडतंय. मराठीत रेगेक्स लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे कुणीतरी सांगायला पाहिजे, माझा अख्खा रविवार वाचला असता.

एक चांगली गोष्ट पण कळली, बॅकस्लॅश-डी (कुठलाही एक अंक) मात्र पायथनमध्ये आपले अंक ओळखतो. देवनागरी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही. आणि "५०१" तसाच्या तसा पूर्णांकात बदलता येतो, वेगळी टेबलं बनवायला लागत नाहीत. स्वल्पविराम तेवढा आधी काढायचा.

१ नोव्हेंबर

सुट्टी आहे, शहरात कर्नाटक राज्योत्सव आणि आमच्या मराठी लोकांकडं सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिवस, बाजार अर्धा बंद, घरीच बसले.

एका पॅटर्नचा नाद सोडला. चाळीस-पन्नास चिन्हांचा पॅटर्न झाला होता, दोन दिवसांनी मलाच वाचता येईना. आता प्रत्येक प्रकारच्या देणगीचा वेगळा क्लास, म्हणजे कोडमधला साचा, त्यातून प्रत्येक देणगीचा एक ऑब्जेक्ट बनतो. पायथनला नावं देवनागरीत चालतात म्हणून क्लासची नावं सरळ मराठीतच ठेवली: वर `देणगी` हा मूळ क्लास, त्याच्याखाली `रोखदेणगी`, `वस्तूदेणगी`, `स्मरणार्थ`. प्रत्येक क्लासकडं स्वतःचा पॅटर्न, क्लास बनतानाच एकदा कंपाईल करून (वापरायला तयार करून) ठेवलेला, आणि `ओळख` नावाची एकच मेथड (क्लासचं एक काम), तिला ओळ द्यायची, जमलं तर ऑब्जेक्ट परत देते, नाही जमलं तर काही नाही. बाहेरचा कोड फक्त क्लासची यादी फिरवतो आणि विचारतो, ही ओळ तुझी का?

स्पीडसाठी हे केलेलं नाही, पायथन स्वतःच अलीकडं वापरलेले पॅटर्न कंपाईल करून जवळ ठेवतो. खरा फायदा असा की पॅटर्नला नाव आणि घर मिळालं. पोत्याचं काही बिघडलं तर `वस्तूदेणगी` उघडायचं, दुसरीकडं हात लावायचा नाही.

क्रम मात्र महत्त्वाचा निघाला. `रोखदेणगी` पहिल्यांदा ठेवला होता, त्यानं "सिमेंट १० पोती" मधला १० उचलला आणि देणगी रुपये दहा म्हणून लिहिली! दहा पोती सिमेंट देणाऱ्या माणसाच्या नावापुढं दहा रुपये. आता वस्तू आधी, रोख नंतर, आणि अगदी शेवटी `अनोळखी` नावाचा क्लास, ज्याला कुठलीही ओळ चालते. कुणालाच न जुळलेली ओळ त्याच्यात जाऊन बसते, हरवत नाही. रोज शेवटी एकच तपासणी: जितक्या ओळी आत गेल्या तितकेच ऑब्जेक्ट बाहेर आले पाहिजेत.

२ नोव्हेंबर

आजची चूक सविस्तर लिहून ठेवतेय कारण ती दगडावर गेली असती.

ओळ साफ करायला सुरुवातीलाच एक बदल टाकला होता, "रु." जिथं असेल तिथं काढून टाक. पॅटर्न लिहिला `रु.` आणि पुढं गेले. संध्याकाळी यादी प्रिंट करून वाचत होते तर एका नावाच्या जागी "्मिणी". नुसता हलन्त, त्याच्यामागं काही नाही, प्रिंटमध्ये ठिपक्यांचं गोल आलेलं. मग बाकीची बघितली. "मारुती गल्ली" चं "माी गल्ली" झालेलं. "गुरुवार पेठ" चं "गुार पेठ".

रेगेक्समध्ये टिंब म्हणजे टिंब नव्हे, टिंब म्हणजे कुठलंही एक कॅरेक्टर. हे मला माहीत आहे, नोकरीत रोज वापरते, पण मराठीत "रु." लिहिताना बोटं आपोआप टिंब देतात आणि ते चिन्ह आहे हे डोक्यात येत नाही. तर `रु.` नं रुक्मिणी मधला "रुक" खाल्ला, मारुती मधला "रुत" आणि गुरुवार मधला "रुव". आमच्या गावात तीन घरात रुक्मिणी नावाच्या आज्ज्या आहेत, तिघींनी देणगी दिलीय, त्यातल्या एकीनं पेन्शनमधले एक्कावन्न रुपये काकांच्या हातात मोजून दिलेत. तिचं नाव "्मिणी" म्हणून कोरलं गेलं असतं.

आता असं आहे:

`र[ुू](?:पये|[.])? *([०-९][०-९,]*)(?:/[-=–])?`

टिंब चौकोनी कंसात टाकलं की ते साधं टिंब होतं (बॅकस्लॅश देऊन पण होतं, पण कंस डोळ्याला दिसतो). ऱ्हस्व दीर्घ दोन्ही रु चालतात कारण वहीत दोन्ही आहेत. "/-" आणि "/=" दोन्ही. आणि मुख्य म्हणजे पुढं अंक आलाच पाहिजे, त्याशिवाय जुळणारच नाही, त्यामुळं रुक्मिणी आणि रुपाली सुरक्षित. खऱ्या कोडमध्ये `[०-९]` च्या जागी बॅकस्लॅश-डी आहे. अंक आधी आणि रुपये नंतर असलेल्या, "५०१ रोख" सारख्या ओळींसाठी त्याच क्लासमध्ये दुसरा छोटा पॅटर्न.

आणि आजपासून नियम: मूळ ओळ कधीच बदलायची नाही. ऑब्जेक्टमध्ये `मूळ` नावाचा एक फील्ड (रकाना), जशी वहीत होती तशी. साफ केलेलं वेगळ्या फील्डमध्ये.

८ नोव्हेंबर

व्हॉट्सॲपचा एक्सपोर्ट. सगळ्यात सोपा वाटला होता, प्रत्येक मेसेजच्या आधी तारीख, वेळ, एएम-पीएम. तासभर एकही ओळ जुळेना, डोळ्यानं बघितलं तर पॅटर्न आणि ओळ तंतोतंत सारखी. शेवटी एकेका कॅरेक्टरचा कोड छापला तेव्हा कळलं, वेळ आणि पीएम यांच्यामधली जागा साधी स्पेस नाहीच, ती नॅरो नो-ब्रेक स्पेस आहे. मी पॅटर्नमध्ये कीबोर्डवरची स्पेस दिलेली. बॅकस्लॅश-एस (कुठल्याही प्रकारची मोकळी जागा) टाकल्यावर झालं.

दुसरं म्हणजे पायथनमधल्या मॅच, सर्च आणि फुलमॅच या तीन शोधायच्या पद्धतींचा फरक. मॅच ओळीच्या सुरुवातीपासून बघतो पण शेवटाची काळजी करत नाही, सर्च कुठंही शोधतो, फुलमॅच अख्खी ओळ जुळली तरच हो म्हणतो. तारखेसाठी मॅच, रकमेसाठी सर्च, आणि काकांनी हातानं दुरुस्त केलेल्या फाईलसाठी फुलमॅच, म्हणजे तिथं एक अक्षर जास्तीचं आलं तरी कळतं.

९ नोव्हेंबर

गावांची नावं. कुठल्या गावातून किती आले ते कमिटीला पाहिजे. आणि इथं बेळगाव एकटंच चार तऱ्हेनं येतं: बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, त्याच्यानंतरच्या बँकेच्या पावत्यांवर ते आहे, जुन्या लोकांच्या हातचं बेळगांव अनुस्वारासकट.

आधी `बेळगाव|बेळगावी` लिहून सगळ्याचं बेळगाव करायला गेले. चालवलं, बेळगावी तसंच! कोड चाललाच नाही असं वाटलं. चालला होता. उभी रेघ (म्हणजे "किंवा") डावीकडून बघते, पहिला पर्याय जुळला की तिथंच थांबते, "बेळगाव" जुळलं, त्याच्या जागी "बेळगाव" ठेवलं, आणि मागं राहिलेली "ी" परत येऊन चिकटली. लांब पर्याय आधी द्यायचा हे त्याचं औषध. नंतर असं केलं:

`बे[ळल]गा(?:ंव|व|म)ी?(?!कर)`

शेवटचा कंस आडनावांसाठी. बेळगांवकर लिहिणाऱ्याचा अनुस्वार काढायचा मला अधिकार नाही. पुढं "कर" असेल तर जुळूच नको, असं तो कंस सांगतो, आणि स्वतः एकही अक्षर खात नाही, नुसतं पुढं डोकावतो. येळ्ळूरचं पण असंच, कुणी जोडाक्षर देतं कुणी नाही: `येळ(?:्ळ)?ूर`. कंसातला भाग अर्ध्या अक्षरापासून सुरू होतोय असं दिसतं, वाचायला विचित्र, पण बरोबर आहे.

काकांना फोन केला, फरशीवर कुठलं नाव टाकायचं विचारायला. ते म्हणाले, "ज्यानं जे लिवलंय तेच टाक की. आपण कोण बदलणार?" मला पण हेच पटतं. म्हणून ऑब्जेक्टमध्ये गावाचे दोन फील्ड, एक लिहिलेलं आणि एक मोजणीसाठी. फरशीवर पहिलं जाणार, हिशोबात दुसरं.

१५ नोव्हेंबर, रात्री

प्रोग्राम अडकला. पंखा जोरात, दहा मिनिटं झाली तरी हलेना. एका ओळीवर अडकलाय हे कळलं, भजनी मंडळाची ओळ, "हस्ते" आणि पुढं सगळ्या सभासदांची नावं एका दमात, रक्कम खालच्या ओळीवर. माझा पॅटर्न असा होता:

`हस्ते ((?:[ऀ-ॣॱ-ॿ]+ ?)+)[०-९]`

अधिकच्या आत अधिक (अधिकचं चिन्ह म्हणजे एक किंवा जास्त वेळा). आतला अधिक म्हणतो अक्षरं घे, बाहेरचा म्हणतो अशा तुकड्यांची रांग घे, आणि स्पेस असली काय नसली काय चालते. मग एकाच शब्दाचे तुकडे कसेही पाडता येतात. शेवटी अंक मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर इंजिन (रेगेक्स चालवणारा पायथनचा भाग) मागं येऊन प्रत्येक पद्धतीनं तुकडे पाडून बघतं. तीस कॅरेक्टरच्या पट्ट्याचे असे तुकडे पाडायच्या पद्धती दोनचा एकोणतिसावा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२. आणि मंडळाची ओळ तीनशेच्या वर आहे.

मोठमोठ्यांचं पण असं झालंय. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या वेबसाईटना सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका रेगेक्समुळं जगभरातल्या त्यांच्या मशीनचा सीपीयू भरून गेला आणि २७ मिनिटं कितीतरी वेबसाईट बंद पडल्या. आणि हे टाळायची पद्धत केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच छापली होती, सगळ्या शक्यता बरोबरीनं पुढं न्यायच्या, मागं यायचंच नाही. गूगलचं आरई-टू हे रेगेक्स इंजिन तसंच चालतं. पायथन, जाव्हा, पर्ल यांची नेहमीची इंजिनं मागं येणारी, कारण त्यांना मागचा ग्रुप (कंसात पकडलेला भाग) परत जुळवणं वगैरे जास्तीच्या सोयी द्यायच्या असतात.

दुरुस्ती एवढीशी: `हस्ते ([^०-९]*)`. अंक येईपर्यंत जे असेल ते. तुकडे पाडायला जागाच नाही, डोळ्याचं पातं लवतंय तोवर झालं.

१६ नोव्हेंबर

रात्रभर त्याच्यावर विचार केला. पायथन ३.११ पासून पझेसिव्ह क्वांटिफायर (एकदा घेतलेलं परत न सोडणारे अधिक वगैरे) आलेत, ते लावून पण सुटलं असतं. पण खरी चूक वेगळी होती. मी माणसाच्या नावाला पॅटर्न लिहीत होते. आमच्या यादीत नुसतं "पाटलीणबाई" आहे, "दुबईचा पोरगा" आहे, चार शब्दांचं नाव आहे, आडनाव आधी आहे, आडनाव नाहीच असं आहे. माणसाचं नाव कसं असावं हे मी कोण ठरवणार, आणि जो त्या साच्यात बसत नाही त्याचंच नाव गळतं, म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या बायका आणि गरीब.

म्हणून आज अख्खं उलटं केलं. नावाचा पॅटर्न सगळ्या क्लासमधून काढून टाकला. आता प्रत्येक क्लास फक्त ठोस गोष्टी शोधतो, रक्कम, पोती, गाव, "कै.", "स्मरणार्थ", "हस्ते". जुळणीचा जो ऑब्जेक्ट मिळतो त्याच्याकडं स्पॅन असतो, कुठून कुठपर्यंत जुळलं ते. ते स्पॅन ओळीतून बाजूला काढले की जे उरतं ते नाव, जसंच्या तसं. तपासायच्या यादीत जुळलेला भाग पिवळा रंगवते, म्हणजे काकांना चष्मा लावून एका नजरेत दिसतं की मशीननं काय उचललं आणि काय ठेवलं.

कोड निम्मा झाला.

२२ नोव्हेंबर

आज बारीकसारीक, पण वेळ खाणारं.

"शेतकऱ्यांकडून" हा शब्द दोन ठिकाणी, दिसायला एकच, शोधलं तर एकच सापडतं. अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो, एक "ऱ" ला हलन्त देऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढं झिरो विड्थ जॉइनर, जो दिसत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) केलं तर "र" खाली नुक्ता देऊन केलेला "ऱ" सरळ होतो, पण जॉइनरवाला होत नाही, तो स्वतः बदलायला लागतो. तसंच "ॲड." चं, वकिलांच्या नावाआधी. एकात अख्खा "ॲ" आहे, एकात "अ" वर चंद्र. हे पण नॉर्मलायझेशन जुळवत नाही. आणि कोलनच्या जागी विसर्ग, "पत्ताः" असं, निम्म्या वहीत. हे सगळं एका `शुद्धी` क्लासमध्ये, फक्त शोधायच्या प्रतीवर चालतं, मूळला हात नाही.

कन्नडमध्ये लिहिलेल्या साठएक ओळी आहेत, बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या पाहुण्यांच्या. अंक बॅकस्लॅश-डीनं आपोआप घेतले हे बघून बरं वाटलं. रुपये, पोती, स्मरणार्थ यांचे कन्नड शब्द शेजारच्या अक्कांनी लिहून दिले, त्या कन्नड शाळेत शिक्षिका होत्या. `रोखदेणगी` चा एक उपक्लास केला, फक्त पॅटर्न बदलला, बाकी मेथड वरूनच आल्या. एका तासात झालं. फरशीवर ती नावं कन्नडमध्येच राहणार, काकांनी आधीच सांगितलंय.

२९ नोव्हेंबर

गावात. सुगी चालू आहे, भात कापून खळ्यावर, दिवसा माणूस भेटत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर काका, मी आणि लॅपटॉप.

`अनोळखी` मध्ये एकतीस ओळी उरल्या होत्या. काहींत रक्कम अक्षरात, "पाचशे एक". त्यांची छोटी डिक्शनरी (शब्द आणि आकडा यांची जोड-यादी) केली कारण असे आकडे मोजकेच येतात, एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक, हजार एक. शेवटी एक नसलेली रक्कम असेल तर वेगळी खूण लावली होती, त्यात दोन टायपिंगच्या चुका सापडल्या, ५०१ चं ५०० झालेलं, पावतीपुस्तकाशी ताडून बघितलं. बाकीच्यांनी खरंच पाचशे दिलेले, ते तसेच.

माहेरवाशिणींच्या ओळी काकांनी एकेक वाचल्या. सासरचं नाव, कंसात माहेरचं, कुणी उलट. रेगेक्समध्ये कंस म्हणजे ग्रुप, म्हणून खऱ्या कंसाला बॅकस्लॅश द्यायला लागतो, ते केलं होतं, पण कुठलं नाव कुठलं हे मशीनला कळणार नाही. काकांना सगळ्या माहीत. माझी पण ओळ त्यात होती.

शेवटी एक राहिली. "पाटाकडचे आजोबा, जमंल तसं." रक्कम नाही, वस्तू नाही, तारीख नाही. मी म्हटलं काका, हे काय लिहू? काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्याकडं पैसे न्हाईत गं. पण पाया खणल्यापास्नं दर सोमवारी बैलगाडी घेऊन येतात, वाळू, दगड, जे आसंल ते ओढतात. आमी पावती फाडली नाही कधी."

`श्रमदान` नावाचा क्लास केला. त्याला पॅटर्न नाही, `ओळख` मेथड नेहमी नाही म्हणते, ऑब्जेक्ट फक्त हातानं बनवता येतो. काकांनी सांगितलं तसं आजोबांचं पूर्ण नाव टाईप केलं, काकांना वाचून दाखवलं, त्यांनी एका वेलांटीची चूक काढली, ती सुधारली. मग काकांनी आणखी अकरा नावं सांगितली, जी कुठल्याच वहीत नव्हती.

फाईल सोमवारी फरशीवाल्याकडं द्यायची आहे.